उचलायचा नाही

उषाने तांब्या तोंडाजवळ नेला, तो कोणी आणून दिला ते पाहिलं, आणि पाणी मांडवाच्या खांबापाशी ओतून दिलं.

"तहान न्हाई मला," ती म्हणाली.

कौसल्याने रिकामा तांब्या उचलला आणि माठाजवळ पालथा घातला. तेराव्याच्या पंगती उठल्या होत्या. अंगणात पत्रावळी गोळा करणं चाललं होतं, बाहेरगावचे पाहुणे चपला शोधत होते. झुंबरबाई गेल्यापासून तिच्या लेकीने, उषाने, थोरल्या भावजयीच्या, कौसल्याच्या, हातचं पाणी घेतलं नव्हतं. कौसल्याशी बोलायची वेळ आली की ती धाकट्या भावजयीला, बेबीनंदाला, मध्ये घालायची. "सांग तिला, चहाला दूध लागंल म्हणावं." कौसल्या हाताच्या अंतरावर उभी असायची.

कुंभार पिंपळगावात दुखवट्याला आलेल्या प्रत्येक बाईला कारण माहीत झालं होतं. थोरलीने फोन वाजताना पाहिला आणि नवऱ्याला सांगितलं नाही. सासूने तिकडे स्टँडवर वाट पाहतच जीव सोडला. शेजारणी आधी हे कुजबुजत सांगायच्या. नंतर नंतर कौसल्या चुलीपुढे असतानाही मोठ्याने सांगू लागल्या.

कौसल्या गप्प राहिली होती. सुतकात भांडण नको, सासरा खचलाय, नवरा आज बोलेल, उद्या बोलेल, असं ती स्वतःला बजावत होती. आज तेरावा झाला. नवरा, रामकिसन, ओसरीवर चुलत्याच्या शेजारी बसला होता. दुखवट्यात आलेला नवा टॉवेल त्याच्या खांद्यावर होता आणि तो सुपारी कातरत होता. बोलायची त्याची काहीही तयारी दिसत नव्हती.

रिंगांचा कायदा घरात आणला तोही त्यानेच. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान टाकल्यावर त्याने पहिला मोबाइल घेतला. त्या काळी आलेला फोन फुकट आणि केलेला महाग. मग त्याने घरातल्या सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं. एक रिंग म्हणजे पोचलो, सगळं बरं आहे. दोन म्हणजे सवडीने फोन कर. तीन म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी आलंय, गाडी घेऊन ये. तीन आल्या की तो लगेच उलटा फोन करणार. नाही आला तर तो निघाला असं समजायचं. तो गाडीवर आहे, जागचं हलायचं नाही, नाहीतर रस्त्यात चुकामूक होते. आणि सगळ्यांत मोठं कलम असं, की रिंग वाजली तरी उचलायचा नाही.

झुंबरबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण हा कायदा तिला तोंडपाठ होता. रामकिसन गावाहून जालन्याला परत गेला की दिवेलागणीला धाकट्या लेकाच्या, बद्रीनाथच्या, फोनवर एक रिंग यायची. म्हातारी चुलीपासून हात जोडायची. "पोचलं माझं लेकरू." सगळ्यांनाच सवय लागली होती. लेक जांब समर्थला दिलेली. तिला रामकिसन रोज जेवायला बसताना दुकानातून एक रिंग द्यायचा, ती उलटून एक द्यायची. बहीणभावाचं बोलणं महिनामहिना एवढंच असायचं आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटायचं नाही.

कौसल्याने कायदा एकदाच मोडला होता. फोन नवा होता. उषाची रिंग आली आणि ही पटकन "हॅलो" म्हणून गेली. रामकिसनने दुकानात गिऱ्हाइकांसमोर तिच्या हातून फोन ओढून घेतला होता. "उचललास कशाला? तिचे पैसे काय तुझा बाप भरणार?" पुढे कित्येक वर्षं तो हा किस्सा पाहुण्यांना हसत हसत सांगे. बाईमाणसाला फोन दिला की असं होतं. पाहुणेही हसत. कौसल्या चहाचे कप उचलत उभी असे. त्यानंतर तिने वाजत्या फोनला कधी हात लावला नाही.

तो दिवस मात्र तिला आत्ता झाल्यासारखा आठवत होता.

सकाळचं धुणं चाललं होतं. रामकिसन फोन चार्जिंगला लावून दुकानात निघून गेला होता. टीव्हीच्या बाजूला फोन वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिच्या हातातली चादर बादलीत पडली. तिने वायर उपटली, ओल्या हातानेच दाराला कुलूप लावलं आणि रिक्षात बसली. दुकानात लग्नाचा बस्ता चालू होता. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, त्यांच्या आत्या-माम्या अशी सगळी गादीवर पसरलेली आणि मध्ये साड्यांचा ढीग. कौसल्याने पायरीवरूनच सांगितलं, "गावाकडून तीन आल्या." रामकिसनने उठून तिच्या हातून फोन घेतला आणि तिला बाजूला नेलं.

"बद्रीचं असंल काहीतरी टायर-बियर. मागं बी असंच केलं त्यानं. आता काय बस्ता सोडून उठू? जा घरी. दुपारून बघतो मी."

"फोन तरी लावा."

"जा म्हणलं ना."

ती गेली होती. तेवढी चूक मात्र तिची होती. ती घरी गेली आणि बादलीतली चादर पिळून वाळत घातली.

"काकासाहेब," उषाने आवाज चढवला. पाहुणे पांगले होते. ओसरीवर आता घरचेच उरले होते. चुलत सासरे काकासाहेब लोडाला टेकलेले. म्हातारे सासरे सर्जेराव, ज्यांना लेकरं-सुना सगळेच बापू म्हणत, भिंतीला पाठ लावून बसलेले. "आता तेरावा झाला. आता मला इचारू द्या. माझ्या मायचा जीव कोणामुळं गेला ते ह्या ओसरीवर बोलून व्हऊ द्या. मंग मी माझ्या गावाला जाते."

"उषे, मेलेलं माणूस वापस येतं का?" काकासाहेब म्हणाले.

"न्हाई येत. पण जितं माणूस तोंड वर करून फिरतं, ते मला बघवत न्हाई."

कौसल्या दारात उभी होती. तिने पदर खोचला. "माझ्याबद्दल बोलून राह्यल्या ना आक्का? मंग माझ्याशी बोला. बेबीनंदाला मधी कशाला घेता?"

तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती. बेबीनंदा हातातली भांडी घेऊन तिथेच थांबली. रामकिसनने अडकित्ता खाली ठेवला.

"तू आत जा," तो म्हणाला.

"न्हाई जात."

"बघा, बघा काकासाहेब," उषा म्हणाली. "ही जीभ त्या दिवशी कुठं गेल्ती? दादाच्या दुकानात जाऊन दोन शब्द सांगायला काय झालं व्हतं हिला? रिक्षाला पैसे नव्हते का? बद्री, सांग रे तू. सांग काय झालं ते. मला पुन्हा ऐकायचंय."

बद्रीनाथ पायरीवर बसला होता. त्याच्या हातात तो लाल म्युझिकवाला फोन होता. उसाला रात्रीची लाईट यायची आणि रात्रभर पाणी द्यावं लागायचं. झोप लागू नये म्हणून त्याने तो घेतलेला. सिराजोद्दीनच्या दुकानातून मेमरी कार्डात हवी तेवढी गाणी भरून मिळायची. मागच्या महिन्यात फोन पाटाच्या पाण्यात पडला. तेव्हापासून कानाला लावून काही ऐकू यायचं नाही, पलीकडचा माणूस गाण्याच्या भोंग्यातूनच बोलायचा. बद्रीनाथच्या सासुरवाडीचं बोलणं त्यामुळे आळीतल्या पोरासोरांनाही माहीत झालं होतं.

"काय सांगू आक्का," तो खाली बघत म्हणाला. "माय भाकरी घेऊन मळ्यात आल्ती. बांधावरच बसली. म्हणली, छातीवर दगड ठेवल्यावानी व्हऊन राह्यलं. मी लगेच तीन रिंगा दिल्या दादाला. तिसरी दिली आन् फोन बंद पडला. चार्जिंग संपली."

"काहून संपली?" कौसल्याने विचारलं.

बद्रीनाथने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"रातभर गाणे वाजवले ना भाऊजी?"

"गाण्याचं काय काढून राह्यलीस?" रामकिसन म्हणाला. "विषय तुझा आहे."

"मंग पुढं?" उषाने भावाला डिवचलं. "सांग ना."

"मंग बैलगाडीत घालून तिला स्टँडवर आणलं. लालमियाँची जीप तिथंच उभी व्हती. तो म्हणला, चलो, मैं छोड देता जालना तक, पैसे-वैसे बाद में देखेंगे. मी म्हणलं, न्हाई चाचा. दादाचा उलटा फोन आला न्हाई, म्हणजे दादा निघालाय. आपण इकडून गेलो आन् तो तिकडून आला तर चुकामूक व्हईल." बद्रीनाथने बापूंकडे पाहिलं. "माय बी तेच म्हणली. तीन दिल्या ना बाळा? मंग येतोय तो. थांब."

बापूंनी डोळे मिटले. स्टँडवरच्या कडुलिंबाखाली बायकोचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. गाड्या येत होत्या आणि प्रत्येक गाडीला झुंबरबाई विचारत होती, आला का. हे त्यांनी एकदा, पहिल्याच दिवशी, सांगितलं होतं. नंतर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

कौसल्याला हे सगळं आधीच माहीत होतं. तरी ते पुन्हा ऐकताना तिच्या पायांतून संताप वर चढला, आणि तो नवऱ्यावरच नव्हता.

"तुमचा फोन मेलेला," ती बद्रीनाथला म्हणाली. "हे तिकडून लावतीलच कसा? लागला तरी तुम्हाला कळणार कसं? आन् तुम्ही म्हणता, फोन आला न्हाई म्हणजे दादा निघाला. जीप समोर उभी व्हती भाऊजी. समोर."

"वहिनी, कायदा तसाच व्हता ना..."

"कायदा!"

"त्याला कशाला बोलतीस?" उषा उसळली. "त्यानं त्याचं काम बराबर केलं. तीन दिल्या. त्या तुझ्या घरात वाजल्या. दादा बिचारा दुकानात, त्याला काय माहीत? फोन घरी, ही घरी. संध्याकाळी घरी आला तवा त्याला कळलं. तवर इकडं सरण रचून झालं व्हतं!"

"हे कोण म्हणलं तुम्हाला?"

"दादाच म्हणला. कोण म्हणंल दुसरं?"

कौसल्याने नवऱ्याकडे पाहिलं. रामकिसनने सुपारीचे तुकडे तळहातावर घेतले होते आणि तो ते एकेक करून पुन्हा पानदानात ठेवत होता. हिशेब करताना, गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी तो असंच काहीतरी हाताने करत राहायचा.

"मला सांगायला जीभ जड व्हते," उषाच्या डोळ्यांत आता पाणी आलं. "मी त्या दिवशी जांबला मजेत पापड लाटून राह्यलते. मला कशाची शंका आली न्हाई. दुपारी जेवणाच्या टायमाला दादाची रोजची रिंग आली. एक. मी म्हणलं, चला, समदं बरं आहे. मी उलटून एक दिली आन् जेवायला बसले. मायचा जीव चालला व्हता आन् मी पोटभर जेवले, काकासाहेब. चटणी मागून घेतली मी."

ती रडू लागली. बेबीनंदा भांडी ठेवून तिच्याकडे गेली.

कौसल्या दारातून ओसरीवर आली.

"आक्का. दुपारी रिंग आली? त्या दिवशी?"

"रोजच येती."

"कोणत्या नंबरवरून?"

"दादाच्या. त्याला काय दहा नंबर आहेत?"

"मंग फोन कुठं व्हता?"

उषाने पदराने नाक पुसलं.

"फोन संध्याकाळपर्यंत घरी व्हता ना?" कौसल्या म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता आणि त्यामुळे तो जास्त दूर जात होता. "माझ्यापाशी व्हता ना? मंग तुम्हाला खुशालीची रिंग मी दिली का? मी तर वाजत्या फोनला हात बी लावत न्हाई. समद्या पाहुण्यांना ठाऊक आहे. हसून हसून सांगितलंय ह्यांनी."

उषाने मान वळवली. "दादा?"

रामकिसनने पानदान बंद केलं. "दुपारी डबा आणला हिनं. त्याच्याबरोबर फोन आणला. पण तीन रिंगांचं एका शब्दानं बोलली न्हाई. मला काय सपान पडतं?"

"दादा, तू तर म्हणला, फोन संध्याकाळी..."

"आता मायचं मढं डोळ्यासमोर असताना माणूस काय बोलतो, त्याचा धागा धरून बसणार का तुम्ही? दुपारी काय, संध्याकाळी काय. हिनं सांगितलं न्हाई, एवढं खरं."

"फोनमधी दिसतं की," बेबीनंदा एकदम म्हणाली. "मिस कॉल आलेले वर दिसतात. आकडा येतो. फोन हातात घेतला की आधी तेच दिसतं."

"तू शिकलेली आहेस, माहीत आहे आम्हाला," रामकिसन म्हणाला.

बेबीनंदाचा चेहरा लाल झाला. ती एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. "शिकलेली न्हाई मी, पण आंधळी बी न्हाई. आन् मोठे दादा, खरं सांगू का? दिसले तरी तुम्ही उठले नसते. कारण ह्यांनी," तिने नवऱ्याकडे बोट केलं, "मागं ट्रॅक्टरचं टायर बसलं तवा तीन दिल्या. त्याच्या आधी लाईटची डीपी जळाली तवा तीन दिल्या. मी म्हणलं व्हतं, जिवाची रिंग टायरला देऊ नका. हे म्हणले, दोन दिल्या की दादा चार दिवस फोन करत न्हाई."

"करत न्हाईच!" बद्रीनाथ उठून उभा राहिला. "कवा केलास दादा तू? दोन दिल्या की तुला सवड न्हाई. शेत मी करायचं, माय-बाप मी सांभाळायचे आन् एक फोन करायला तुझे पैसे लागतात?"

"आता माझ्यावर येऊन राह्यला का? गाणे ऐकत चार्जिंग कोणी संपवली?"

"गाणे ऐकले म्हणून! रातचं बाराला पाण्यात उभं राहून बघ एकदा. साप पायावरून जातो. तू गादीवर बसतो, पंख्याखाली!"

"बस करा!" काकासाहेबांनी लोडावर हात आपटला. "तेराव्याच्या दिवशी गावाला तमाशा दाखवता का? बिलकुल बंद. ज्याचं त्याचं चुकलं आसंल, देव बघून घेईल. सूनबाई, तू बी ऐक. बाईच्या जातीनं थोडं पोटात घ्यावं. रामकिसन कर्ता आहे घराचा. त्याच्यावर बोट आलं तर घराण्यावर येतं. तुझ्यावर आलं तर..." ते अडखळले.

"तर कोणावर येत न्हाई," कौसल्या म्हणाली. "असंच ना?"

काकासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"मी एकच इचारते," ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "मी दुकानात आल्ते का न्हाई? सकाळी. बस्ता चालू व्हता. हाताचा साबण वाळला नव्हता माझ्या. तुम्ही मला पायरीच्या बाजूला नेलं का न्हाई? एवढं इथं बोला. मंग मी जन्मात काही मागणार न्हाई."

रामकिसनने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने बापूंकडे पाहिलं. म्हातारा डोळे उघडून त्याच्याचकडे बघत होता. क्षणभर कौसल्याला वाटलं, आता बोलेल.

"डोकं फिरलंय हिचं," तो म्हणाला आणि उठला. "चल. बॅग घे. अंधाराच्या आत पोचायचंय."

"मी येत न्हाई."

"काय म्हणलीस?"

"तुमच्या गाडीवर बसून मी जालन्याला येत न्हाई. जा तुम्ही."

ओसरीवर पाच-सहा माणसं होती. त्यातलं कोणीही तिला समजवायला पुढे आलं नाही, तिच्या बाजूनेही उभं राहिलं नाही. उषा भिंतीकडे तोंड करून बसली होती. रामकिसनने टॉवेल झटकला, मोटारसायकल काढली आणि तीन-चार किका मारून गेला. जाताना बापूंच्या पाया पडायचं राहिलं हे त्याच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

ऊन उतरलं. काकासाहेब घरी गेले. बेबीनंदाने चूल पेटवली, चहा केला, आणि कपांचं ताट कौसल्याच्या हातात द्यायचं की स्वतः न्यायचं, ह्यात जरा थांबली. कौसल्याने ते तिच्या हातून घेतलं नाही. ती माठाशेजारी जमिनीवर बसली होती. तिला आता रडू येत नव्हतं, भूकही नव्हती. रामकिसनने दुकानाच्या पायरीवर तिला ज्या दंडाला धरून बाजूला नेलं होतं तो दंड ती दुसऱ्या हाताने चोळत होती. तिथे काही दुखत नव्हतं.

उषाने चहा घेतला. बराच वेळ ती कौसल्याकडे बघत होती. नवऱ्याने खरं सांगितलं नाही तर बाईचं खरं हे अर्ध्या वजनाचं असतं, हे कौसल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. दोन गोष्टी समोर होत्या, दोन्ही ऐकल्या होत्या आणि उषाला त्यातली एक पदरात घेऊन जांबला जायचं होतं. भावाची घेतली तर माहेर राहणार होतं.

दिवेलागण झाली. लाईट गेलेलीच होती. बेबीनंदाने कंदील आणून ओसरीच्या खुंटीला टांगला. बद्रीनाथने फोन बापूंच्या घोंगडीजवळ ठेवला होता. सुतक म्हणून गाणी बंद होती, त्यामुळे चार्जिंग भरलेली होती.

फोन वाजला.

सगळ्यांच्या माना वळल्या. लाल बत्ती लुकलुकत होती. जालन्याची रिंग. पोचलो. आता ती एकदा वाजून थांबणार होती आणि हात जोडायला कोणी नव्हतं.

कौसल्या उठली, दोन ढांगांत ओसरीवर आली आणि तिने फोन उचलला.

"उचललास कशाला, बद्री?" भोंग्यातून रामकिसनचा आवाज ओसरीभर पसरला. गल्लीतून चाललेली बाई थबकली.

"मी आहे," कौसल्या म्हणाली.

पलीकडे कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला.

"तू? बरं झालं. ऐक. चारचौघात मला एकट्याला यायला लावलंस, ते मी विसरणार न्हाई. सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. आन् तिथं आता तोंड बंद ठेव. झालं तेवढं बस."

"ऐकू येईना," कौसल्या म्हणाली. फोन तिने कानाला लावलाच नव्हता. तळहातावर, दिवा धरावा तसा, पुढे धरला होता. "मोठ्यानं बोला. रेंज न्हाई."

"तोंड बंद ठेव म्हणलं! दुकानातलं दुकानात राहू दे!"

"कोणतं दुकानातलं?"

"अगं बावळट," रामकिसन ओरडला, "तू सकाळी फोन घेऊन आल्तीस ते! तीन रिंगांचं सांगितलंस ते! आक्काला कळलं, बापूच्या कानावर गेलं, तर म्हातारा मरेपर्यंत माझं तोंड बघणार न्हाई. मी तरी काय करू? पन्नास माणसं बस्त्याला बसलेली, उठून येऊ? मला काय माहीत माय खरंच... हॅलो? ऐकू आलं का आता?"

"आलं," कौसल्या म्हणाली.

तिने खाली वाकून फोन बापूंच्या पुढ्यात ठेवला. म्हाताऱ्याने तो हातात घेतला. उभ्या जन्मात त्याने मोबाइल धरला नव्हता. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, बत्तीवर अंगठा ठेवून पाहिला. तो बंद कुठून करायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"हॅलो?" फोन म्हणत होता. "कौसल्या? निघतेस ना सकाळी? अगं बोल ना. हॅलो?"

बापूंनी फोन घोंगडीवर पालथा ठेवला. आवाज दबला, पण येत राहिला. बद्रीनाथ पायरीवरून उठला होता. त्याने हात पुढे केला आणि बापूंच्या तोंडाकडे पाहून मागे घेतला. रामकिसनचे पैसे कटत होते. कोणीही फोन बंद केला नाही.

उषा भिंतीपासून वळली. तिचे ओठ कोरडे पडले होते. ती कौसल्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, बेबीनंदाला मध्ये न घालता, सरळ, "वहिनी... जरा पाणी देता का?"

कौसल्या मघाच्याच जागी जाऊन बसली. तांब्या तिच्या हाताशी होता, दुपारी पालथा घातलेला, तसाच.

"माठ इथंच आहे, आक्का," ती म्हणाली. "उठा आन् घ्या."